वन्संची अर्धी विद्या

माझ्या नणंदेबद्दल मी चार चांगले शब्द बोलणार आहे, असं आमच्या घरात कुणाला सांगितलं तर ते आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतील. चोवीस वर्षं आम्ही एका छताखाली राहतो आहोत. एवढ्या काळात मी त्यांच्याबद्दल जे बोलले त्यातलं निम्मं जरी त्यांच्या कानावर गेलं असेल, तरी त्यांनी माझं तोंड बघायला नको होतं. पण वन्सं रोज सकाळी वरच्या खोलीतून खाली येतात, माझ्या हातचा चहा पितात, "साखर कमी पडली" म्हणतात आणि कामाला निघतात. मीही त्याच रस्त्याने त्याच ठिकाणी कामाला जाते, फक्त दहा पावलं मागून.

ते ठिकाण म्हणजे मनाच्या आजारांचं रुग्णालय. वन्सं तिथे पुरुषांच्या बंद वॉर्डात सेविका आहेत आणि मी कपडेखोलीत. चादरी, अभ्रे, रुग्णांचे सदरे आणि विजारी धुऊन आल्या की घड्या घालून लावायच्या, फाटलेलं शिवायला टाकायचं, ज्या वॉर्डाला जे हवं ते पोचवायचं. माझ्या खोलीला साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास असतो आणि तिथे दिवसभर मला कुणी उलट बोलत नाही. वन्संच्या वॉर्डात काय चालतं हे मला कितीतरी वर्षं नीट माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. कधी दार उघडं असलं की आतून ओरडणं ऐकू यायचं आणि मी चादरींची गाडी ढकलत भराभरा पुढे जायचे.

वन्संकडे बघून कुणी थबकेल असं त्यांच्यात काही नाही. उंची माझ्या खांद्याएवढी, वय सत्तावन्न. डावा गुडघा जिना चढताना कटकट वाजतो, त्यामुळे त्या दिसायच्या आधी ऐकू येतात. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं की म्हणतात, "वेळच मिळाला नाही." आणि कडक उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या. त्या बाह्यांवरून मी किती बोलले असेन. "तुमच्या ताईंच्या हातांना ऊन लागलं तर राज्य बुडेल," असं मी नवऱ्याला म्हणायचे. नवरा मूग गिळून बसायचा. बहीण आणि बायको एकाच घरात असल्या की शहाणा पुरुष तेच करतो.

सहा वर्षांपूर्वी एकदा वन्सं कपडेखोलीत आल्या. कुणीतरी सूपचा वाडगा त्यांच्या अंगावर भिरकावला होता आणि त्यांना दुसरा गणवेश हवा होता. मी मांडणीवरून गणवेश काढून वळले तोवर त्यांनी ओला सदरा उतरवला होता. मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला बोटभर जागा कोरी नव्हती. काही डाग निळे, काही हिरवट, काही पिवळे पडून विरत चाललेले, आणि एका जागी दातांच्या दोन ओळी स्पष्ट उमटलेल्या. गणवेश माझ्या हातातच राहिला.

"कोण मारतं तुम्हाला?" मी विचारलं.

"मारतंय कुठे कोण. लागतं."

"मग तुम्ही उलट एक ठेवून का देत नाही?"

त्या हसल्या. "ठेवून दिली तर तो बरा होईल का?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला गणवेश चढवला, बाह्या खाली ओढल्या आणि बटणं लावली. "घरी सांगू नकोस हं. धाकटा उगाच काळजी करत बसेल."

मी घरी सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. नवरा म्हणाला, "मला माहीत आहे गं." आणि त्या दिवशी त्याने पहिल्यांदा मला सगळं सांगितलं.

वन्सं नोकरीला लागल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. तिसऱ्या महिन्यात एका रुग्णाचं कोपर लागून त्यांचा पुढचा दात पडला. सासूबाईंनी नोकरी सोड म्हणून घर डोक्यावर घेतलं. वन्संनी नोकरी सोडली नाही, त्या एका घड्याळजीकडे गेल्या. हा माणूस दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी एका गोदामाच्या माळ्यावर मारामारीची विद्या शिकवायचा. त्याचा प्रत्येक धडा दोन भागांचा असे. समोरून वार आला की तो आधी चुकवायचा किंवा वळवायचा, हा पहिला भाग. वार वाया गेला की समोरचा उघडा पडतो, तेव्हा आपण मारायचं, हा दुसरा. वन्संनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "मला पहिला भाग तेवढा शिकवा."

"पोरी, अर्धी विद्या घेऊन काय करशील?" घड्याळजी म्हणाला. "अर्धं घड्याळ वेळ दाखवतं का?"

"उरलेली अर्धी माझ्या कामाची नाही," वन्सं म्हणाल्या. "ज्यांचा मार खाते, त्यांनाच मला संध्याकाळी जेवायला वाढायचं असतं."

चार वर्षं त्या माळ्यावर गेल्या. कानामागून आलेले लोक दोन्ही भाग शिकून, स्पर्धा जिंकून पुढे गेले आणि वन्सं पहिल्याच भागावर. रोज शंभर वेळा कुणीतरी मारायचं आणि त्यांनी ते वळवायचं. घड्याळजी आधी हसायचा, मग त्याचं हसणं बंद झालं. शेवटी त्याने भर वर्गात कबूल केलं की मारून मोकळं होणाऱ्याचा पहिला भाग कच्चा असला तरी निभावतं, दुसरा भाग त्याला सांभाळून घेतो. ज्याला मारायचंच नाही त्याला मात्र पहिला भाग पक्काच लागतो, कारण त्याच्यावर पुढचा वार येणारच असतो, आणि त्याच्या पुढचाही. नवरा हे सांगत होता आणि मी मुकाट ऐकत होते, हे त्यालाही नवीन होतं.

त्यानंतर मी वन्संचा वर्ग बघायला जाऊ लागले. दर बुधवारी दुपारी, जुन्या जेवणघरात, नवीन लागलेल्या सेवकांना त्या अर्धी विद्या शिकवतात. गाद्या माझ्या खोलीतून जातात, तेव्हा गाद्यांवर लक्ष ठेवायचं असं निमित्त मला पुरे होतं. तिथे मी जे बघितलं त्याने मी तोंडात बोटं घातली. पंचविशीतले धट्टेकट्टे पुरुष या बाईवर धावून जात होते आणि दर वेळी तिच्या शेजारी जाऊन उभे राहत होते, जणू दोघं मिळून फिरायला निघाले आहेत. त्यांना कुठे काही लागत नव्हतं. आपण इथे कसे आलो हेच त्यांना कळत नव्हतं.

"हाताकडे बघू नका," त्या सांगत होत्या. "हात फसवतो. खांद्याकडे बघा, खांदा आधी हलतो." एकाला त्या म्हणाल्या, "एक तर त्याच्या पल्ल्याबाहेर राहा, नाहीतर सरळ त्याला चिकटा. मधे उभा राहतो तो मार खातो." कुणी केस धरले तर डोकं ओढून घ्यायचं नाही, त्याचीच मूठ आपल्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून धरायची, म्हणजे केस उपटले जात नाहीत. चावला तर हात मागे खेचायचा नाही, आत ढकलायचा, म्हणजे जबडा सैल होतो. आणि हे सगळं चालू असताना त्याच्याशी बोलत राहायचं.

"काय बोलायचं?" एकाने विचारलं.

"हवापाण्याचं बोल. जेवलास का विचार. तुझा आवाज शांत आहे एवढंच त्याला कळलं पाहिजे. आणि हात उघडे ठेव. मूठ दिसली की तो आणखी घाबरतो, आणि घाबरलेला माणूस आणखी जोरात मारतो."

मागच्या वर्षी या वर्गात एक नवा सेवक आला. तिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप, कराटेच्या स्पर्धांमधली नऊ पदकं मिळवलेला. सगळे त्याला चॅम्पियन म्हणत. माणूस सरळ होता, पण बुधवारी वर्गात तो भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसायचा. आपल्याला हे येतं, अशी त्याची समजूत होती. यात त्याची एकट्याची चूक नाही. ज्याच्या भिंतीवर नऊ पदकं आहेत त्याला अर्धी विद्या शिकायला सांगणार कोण?

वॉर्डात एक रुग्ण होता, त्याला सगळे कपाट म्हणत आणि तोही त्या नावाला मान वळवायचा. आजारी पडण्याआधी तो लोकांचं घरसामान वाहायचा. पाठीवर एकट्याने कपाट घेऊन तो चौथा मजला चढला होता, ही गोष्ट त्याचा भाऊ भेटायला आला की दर वेळी नव्याने सांगायचा. कपाट बोलायचा जवळजवळ नाहीच. दिवसभर खिडकीशी बसायचा. मागून कुणी जवळ आलं की मात्र त्याचा हात उठायचा. वॉर्डात हे सगळ्यांना ठाऊक होतं, चॅम्पियनलाही होतं. पण एका सकाळी औषधांना उशीर झाला होता आणि तो घाईघाईने ताट घेऊन मागूनच गेला.

कपाटाचा हात फिरला. चॅम्पियनने आयुष्यात हजारो वेळा केलं होतं तेच केलं: मूठ आवळली आणि सगळ्या ताकदीनिशी हात आडवा घातला. स्पर्धेत याने गुण वाचतात. इथे हाडावर हाड आपटलं आणि कपाटाचा डावा हात मनगटाच्या वर मोडला. तो ओरडला ते कपडेखोलीपर्यंत ऐकू आलं.

दुपारी चॅम्पियन माझ्या खोलीत मळक्या चादरींच्या ढिगावर बसून रडत होता. एवढा उंचापुरा पुरुष असा रडताना मी बघितला नव्हता. वन्सं त्याच्याजवळ बसल्या होत्या.

"हात आपोआप गेला हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी काही केलंच नाही."

"तेच तर चुकलं," वन्सं म्हणाल्या. "तुझा हात आपोआप गेला. इथे तो दर वेळी जाणूनबुजून गेला पाहिजे. हा कुणाचा हात आहे, एवढं तेवढ्यात आठवलं पाहिजे."

मला राहवलं नाही. "अहो वन्सं, डोळ्याचं पातं लवायच्या आत कुणाला काय आठवणार?"

त्या माझ्याकडे वळल्या. "इस्त्री करताना मागे दाणकन काही पडलं तर तू गरम इस्त्री टाकून देतेस का?"

"नाही. आधी उभी करून ठेवते."

"मग? तुलाही आठवतंच की."

मी इस्त्रीकडे बघितलं. ती उभीच ठेवलेली होती.

रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरीण बाई, म्हणजे आमच्या मॅडम. त्यांनी कपाटाला त्याच दिवशी पलंगाला बांधायला सांगितलं, आणि नऊ दिवसांनी, गुरुवारी, मला निरोप आला की खालच्या मांडणीवरचे उरलेले चामड्याचे सगळे पट्टे घेऊन वर या. कपाटाला लागले तेवढे सोडले तर ते पट्टे कित्येक वर्षं कुणी मागितले नव्हते. मी धूळ पुसून नेले. मॅडमच्या समोर वन्सं उभ्या होत्या. सोमवारपासून बंद वॉर्डातल्या हात उगारणाऱ्या अकराही रुग्णांना बांधून ठेवायचं, असं ठरत होतं.

मॅडम काही दुष्ट बाई नाहीत. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मला दोन्हीकडची हाडं वाचवायची आहेत," त्या म्हणाल्या. "तुमची विद्या तुमच्यापाशी आहे हो, बाकीच्यांचं काय? आणि ती तरी किती खरी आहे, मला काय माहीत?"

"मला मारून बघा," वन्सं म्हणाल्या.

मॅडम चपापल्या. पण वन्संनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा त्या उठल्या, पुढे आल्या आणि त्यांनी हात उगारला. वन्संनी बोटसुद्धा हलवलं नाही. मॅडमचा हात त्यांच्या गालापासून वीतभर लांबून गेला. मॅडमनी पुन्हा मारलं, पुन्हा तेच. वन्सं नुसत्या उभ्या.

"तुम्ही तर काहीच केलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुमचा हात पोचणारच नव्हता. जो वार पोचत नाही त्याला हात लावला तर उगाच भांडण वाढतं." मग त्या जराशा हसल्या. "तुम्हाला नाही जमायचं, मॅडम. तुमच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. वहिनी, पट्टे ठेव आणि तू ये. चोवीस वर्षांचं काय साठलं असेल ते काढून टाक."

म्हणजे त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. निम्मं नाही, सगळं. माझा चेहरा तापला. लाज वाटली, आणि लाजेचा मला नेहमी राग येतो. मी पुढे गेले आणि खरोखर मारलं. काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या कोपराला एक तळहात लागला, दारावरचा पडदा बाजूला करावा इतक्या हलक्या हाताने. मी अर्धी वळले आणि वन्सं माझ्या खांद्याला खांदा लावून माझ्याच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. माझ्या अंगातला सगळा जोर कुठेतरी निघून गेला होता. मला रडू येईल असं वाटलं, आणि त्यांचा हात अजून माझ्या कोपराखाली होता, मी पडू नये म्हणून.

"लागलं का कुठे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

मॅडम परत खुर्चीत बसल्या. मग त्या म्हणाल्या, "ही तुमच्या घरातली आहे. आणि कपाट हिच्या दुप्पट आहे. उद्या सकाळी दहाला त्याचे पट्टे तुम्ही सोडा. मी दारात उभी राहते. आणखी एक हाड मोडलं, त्याचं किंवा तुमचं, तर सोमवारी अकराही जणांना पट्टे लागतील आणि तुम्ही वॉर्ड सोडून औषधांच्या खिडकीवर बसाल."

"चालेल," वन्सं म्हणाल्या.

मला अजिबात चालणार नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. चोवीस वर्षांत मी तिथे केर काढायलासुद्धा गेले नव्हते. त्या गुडघ्याला शेक देत बसल्या होत्या. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी म्हटलं. "तीन वर्षांनी निवृत्त व्हाल. खिडकीवर बसा, औषधं द्या, पाय लांब करा. तुम्हाला भीती वाटत नाही का?"

"वाटते की. वाटायलाच हवी. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी माझ्या हातून कुणाचं तरी काही मोडेल." त्यांनी शेकाची पिशवी उलटी केली. "वहिनी, बांधलेला माणूस कुणाला मारत नाही, ते खरं. पण मारायचं थांबायला तो शिकणार कसा? मोकळ्या हातांनीच थांबावं लागतं ना."

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिले.

शुक्रवारी दहाला मी चादरींची गाडी घेऊन वॉर्डाच्या दाराशी हजर होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. सोमवारसाठी मागवलेले बाकीचे पट्टे त्याच गाडीवर होते. मॅडम दारात उभ्या होत्या, त्यांच्यामागे चॅम्पियन आणि एक पहारेकरी. कपाट उताणा पडला होता. दोन्ही पाय आणि उजवा हात पलंगाच्या लोखंडी दांड्यांना बांधलेले, डावा हात प्लास्टरमध्ये छातीवर. त्याला बघून मला दया आली नाही, पाचावर धारण बसली. वन्संनी चष्मा आणि घड्याळ माझ्या हातात दिलं आणि त्या सरळ त्याच्या समोरून चालत गेल्या.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "आता पाय सोडते." सोडलेले पट्टे त्यांनी मागे न बघता पायाने माझ्याकडे सरकवले. मी ते गाडीवर ठेवले. "आता हात सोडते. सोडला की तुला मारावंसं वाटेल. वाटू दे."

तो उठून बसला. आपल्या मनगटाकडे बघत राहिला. मग उभा राहिला आणि त्याचा उजवा हात आला.

तो हात माझ्यावर आला असता तर मी आज हे लिहायला नसते. वन्सं मागे हटल्या नाहीत. त्या आत शिरल्या, त्यांचा तळहात त्याच्या कोपराला लागला आणि तेवढं मोठं धूड अर्धं वळलं. पुन्हा हात आला, पुन्हा वळला. त्यांचा गुडघा कटकट वाजत होता आणि त्या शांत आवाजात बोलत होत्या, बाहेर वारा सुटलाय, खिडकी लावू का, तुझा भाऊ परवा येणार आहे. तिसऱ्या की चौथ्या वाराला माझ्या लक्षात आलं की त्या नुसतं स्वतःला वाचवत नाहीत. तो फिरेल तशा त्या फिरत होत्या आणि त्याला भिंतीपासून, पलंगाच्या दांड्यांपासून लांब ठेवत होत्या. त्याचा चुकलेला हातसुद्धा कशावर आपटू नये, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता. एवढासा जीव, पांढरे झालेले केस, आणि त्या दोन हातांत दोन माणसं सांभाळून धरलेली. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वेळी माझे हात आपसूक जोडले गेले होते.

मग त्याने प्लास्टरचा हात उचलला.

मागे चॅम्पियन हलला. मॅडमनी हाताने त्याला अडवलं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं ते वन्संना आमच्याआधी दिसलं असणार. प्लास्टर म्हणजे दगडच, पण त्याच्या आत दहा दिवसांचं कच्चं हाड होतं. तो हात वळवायला गेलं तर ते पिळवटणार. बाजूला झालं तर तो हात मागच्या लोखंडी दांडीवर आदळणार. आणि चुकवता तर त्यांना सहज आला असता, गेले चार-पाच वार त्यांनी चुकवलेच होते.

वन्सं त्याच्या अगदी अंगाशी गेल्या, पाठ फिरवली आणि खांद्याखाली जिथे मांस जाड असतं तिथे तो वार घेतला. आवाज दबका आला. त्या दोन पावलं पुढे फेकल्या गेल्या आणि गादीवर हात टेकून कशाबशा थांबल्या. त्याचं हाड वाचावं म्हणून त्यांनी तो जाणूनबुजून अंगावर घेतला होता. अर्ध्या विद्येत हेही बसतं, हे मला माहीत नव्हतं. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

कपाट आपल्या प्लास्टरकडे बघत होता. ते जसंच्या तसं होतं. मग त्याने वन्संकडे बघितलं. त्याचा बोलण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. एवढ्या देहाला तो फारच बारीक होता.

"लागलं?" त्याने विचारलं.

वन्सं खांदा चोळत वळल्या. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं. घरी आम्हाला त्या नेहमी नाहीच म्हणतात.

"हो," त्या म्हणाल्या. "लागलं."

"खूप?"

"बऱ्यापैकी."

त्याने प्लास्टरचा हात पुन्हा छातीशी घेतला. मग पलंगावर बसला आणि बाजूला सरकला, त्यांना बसता यावं एवढा. वन्सं त्याच्याशेजारी बसल्या. दोघांनाही धाप लागली होती.

मॅडम पुढे झाल्या, पण उंबरठ्याशी थांबल्या. त्यांनी वन्संकडे बघितलं नाही, कपाटाकडे बघितलं.

"आत येऊ का?" त्यांनी त्याला विचारलं.

त्याने गाडीवरच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"आज नको," तो म्हणाला.

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्या गाडीवरचे सगळे पट्टे उचलले, काखोटीला मारले आणि जिना उतरून निघून गेल्या.